भवभूतीचं चरित्र वाचताना पेन्सिल जवळ ठेवा

आमगावजवळचं पद्मपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचं गाव, एवढं आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यापुढची माहिती मुळातच तोकडी आहे, म्हणून त्याचं चरित्र सावधपणे वाचावं लागतं.

आधी त्याच्या नाटकांच्या प्रस्तावना वाचा, मराठी भाषांतरातून वाचल्या तरी चालेल. नाटकं तीनच: महावीरचरित, मालतीमाधव, उत्तररामचरित. मूळ नाव श्रीकंठ, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, आजोबा भट्टगोपाल, गुरू ज्ञाननिधी, काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, घराणं उदुंबर. प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत. हे सगळं वहीच्या अर्ध्या पानात मावतं. मग चरित्राची बाकीची पानं कशावर उभी आहेत, हे तपासत जायचं.

त्यासाठी वहीत तीन रकाने आखा: कवीने स्वतः सांगितलेलं, इतरांनी लिहून ठेवलेलं, चरित्रकाराचा तर्क. दुसऱ्या रकान्यात कल्हणाची राजतरंगिणी, म्हणजे काश्मीरच्या राजांचा पद्य इतिहास, येते. कनौजच्या यशोवर्मा राजाच्या पदरी वाक्पतिराज आणि भवभूती हे कवी होते, असं ती सांगते. पण कल्हण 12व्या शतकातला आणि भवभूती 8व्या शतकाच्या सुरुवातीचा. वाक्पतिराज मात्र भवभूतीच्याच काळाचा. त्याने गौडवहो काव्यात स्वतःच भवभूतीचं नाव घेतलं आहे, म्हणून त्याचं वजन अधिक.

घोटाळा होतो तो क्रियापदात. दुसऱ्या प्रकरणातलं 'असावा' पाचव्या प्रकरणात गुपचूप 'होता' होतं. अशा प्रत्येक जागी खूण करा. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत कवी म्हणतो की काळ अमर्याद आहे, पृथ्वी विशाल आहे, माझ्यासारखा कुणीतरी कधीतरी जन्मेल. या एका श्लोकावरून त्याची आयुष्यभर उपेक्षा झाली असं बेधडक लिहिलं जातं. श्लोकातला सल खरा वाटतो, पण त्यातून कळतं एवढंच की त्या वेळी कुणीतरी त्याला नावं ठेवत होतं.

कालिदासाने उत्तररामचरितातल्या 'रात्रिरेवं'वरचा अनुस्वार काढायला सांगितला, ही आख्यायिका मला फार आवडते. पण कालिदास त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे तिला कुठल्याच रकान्यात जागा नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. महावीरचरितात कवी दक्षिणापथातलं पद्मपूर एवढंच सांगतो. 'विदर्भ' हा शब्द मालतीमाधवाच्या काही पाठांत येतो. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचंच, हे नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. दुर्गला सापडलेल्या वाकाटक राजांच्या अपुऱ्या ताम्रपटात पद्मपुराचं नाव आहे, हा त्यांचा मोठा आधार. तर्क भक्कम आहे आणि मला पटतो. तरीही तो तिसऱ्याच रकान्यात लिहायचा, गाव आपलं असलं म्हणून पहिल्यात ढकलायचा नाही. कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल की यमुनाकाठचं काल्पी, हा वादही तिथेच. मिराशी काल्पीच्या बाजूचे. हातातल्या चरित्राने यातली एकच बाजू दिली असेल, तर समासात तसं लिहून ठेवा आणि मिराशींचं लेखन शेजारी घेऊन ते प्रकरण पुन्हा वाचा.