सकाळच्या पेट्रोलपेक्षा टायरची हवा बघा

पैसे वाचवण्याच्या आणि कमावण्याच्या युक्त्यांवरचा तुमचा लेख वाचला. त्यातला ‘सकाळी गार हवेत पेट्रोल भरा, जास्त मिळतं’ हा सल्ला पटला नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते. आतल्या पेट्रोलचं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. मी रोज नाशिकरोडहून सातपूरला स्कूटरवर जातो. पेट्रोलच्या खर्चात फरक पडला तो दर आठवड्याला टायरची हवा तपासायला लागल्यावर आणि वाटेत द्वारका चौकातल्या सिग्नलवर इंजिन बंद करायला लागल्यावर.

त्याच लेखात घरबसल्या ऑनलाइन कमाईबद्दल लिहिताना मात्र मुख्य गोष्टच राहिली: खरं काम देणारा आधी पैसे मागत नाही. माझ्या वहिनीने डेटा एंट्रीच्या कामासाठी १,५०० रुपये ‘नोंदणी फी’ भरली, दुसऱ्या दिवशी समोरचा नंबर बंद! असं झालं तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आम्ही चार दिवस घालवले, तेच चुकलं.