स्टॅटिक आयपी आणि गच्चीवरचे बिबडे

आमच्या गावात फायबर येणार येणार हे इतकी वर्षं ऐकतोय की आता आलं तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. चोपड्यापासून काही लांब नाही गाव, मागे सातपुडा, आजूबाजूला केळीचे बाग, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ताही जवळच, पण केबल टाकली की जेसीबी येतो, जेसीबी गेला की पाण्याच्या पाइपलाइनवाले येतात, आणि त्यातूनही जी उरते तिच्यावर वानरं झोके घेतात. म्हणून वायरलेस होम इंटरनेट आलं तेव्हा लगेच घेऊन टाकलं. गच्चीवर टॉवरकडे तोंड करून एक पांढरा डबा, डब्यातून वायर खाली, घरात राउटर, विषय संपला. स्पीड भारी आहे, खोटं कशाला बोलू. पोरं क्रिकेट बघतात, बायको रेसिपी बघते, आबा कीर्तन बघतात, सगळं एकाच वेळी, कुठे अडकत नाही.

घोडं अडलं ते माझ्या धंद्यापाशी. मी केळीच्या व्यापाऱ्यांचे आणि एका जिनिंगवाल्याचे हिशोब लिहितो. सगळी टॅली घरच्या कॉम्प्युटरवर. दिवसभर बसायचं चोपड्याला शेठच्या दुकानात, आणि शेठ विचारणार की अमक्याकडे बाकी किती, तर मी सांगणार की घरी जाऊन बघतो. पेन ड्राइव्हने डेटा नेऊन पाहिला, मग दुकानातल्या टॅलीत एक बाकी आणि घरच्या टॅलीत दुसरी, आणि शेठला नेहमी कमी असलेलीच उधारी आधी दिसते. फुकटवालं रिमोट अ‍ॅप टाकलं, त्याने थोडे दिवस गोड बोलून मग 'तुम्ही हे धंद्यासाठी वापरताय असं वाटतं' म्हणून मधेच तोडायला सुरुवात केली. वाटतं काय, वापरतोच आहे ना भो, पण तेवढ्यासाठी डॉलरमध्ये पैसे कोण देणार.

शेवटी शालकाला फोन केला. तो पुण्यात आयटीत आहे, त्यामुळे आमच्या घरातल्या मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळ्या दुरुस्त्या त्याच्याच खात्यात. तो म्हणाला, "सोपं आहे दाजी, स्टॅटिक आयपी घ्या. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा, व्हीपीएन चालू करा, चोपड्याहून थेट घरात." मला कळलं ते एवढंच, की स्टॅटिक आयपी म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या पत्त्यावर बाहेरून आलेल्याला घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवायचं, आणि व्हीपीएन म्हणजे मधला खाजगी रस्ता. सोपं आहे हे शब्द आयटीवाल्याच्या तोंडून आले की आपण खिशाला हात लावून बघावा.

राउटरचा पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो, अक्षर मुंगीपेक्षा बारीक, त्यामुळे मी जमिनीवर पालथा, एका हातात मोबाइलची बॅटरी आणि आबा वरून विचारतात, "काय व्हयनं, पडना का?" १९२.१६८.१.१, म्हणजे राउटरच्या सेटिंगचं पान, उघडलं. पोर्ट फॉरवर्डिंगचं पान सापडलं. सगळं भरलं, सेव्ह दाबलं, हिरवी बरोबरची खूण आली. मला इतका आनंद झाला की मी तसाच गाडी काढून चोपड्याला गेलो, दुकानात बसून जोडायला गेलो तर काहीच नाही. गोल फिरतंय. त्या हिरव्या खुणेचा मला अजून राग आहे. राउटरला माहितीये की याचा काही उपयोग नाही, तरी तो आपलं मन राखतो.

रात्री शालकाने राउटरचं वॅनचं, म्हणजे बाहेरच्या जोडणीचं, पान उघडायला लावलं. तिथे आयपी १००.८१ की काहीतरी, आणि 'माझा आयपी काय' विचारणाऱ्या वेबसाइटवर वेगळाच, वर ती वेबसाइट म्हणते तुम्ही मुंबईत आहात. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात."

बायको पोळ्या करता करता थांबली. "कोणाच्या मागे आहेत हे?"

आबांनीही मान वर केली. "कोन शे तो?"

मग मला आबांना समजावून सांगावं लागलं, आणि ते करताना मलाही समजलं. पूर्वी आपल्या गल्लीत एकाच घरी फोन होता, आणि अख्ख्या गल्लीच्या लग्नपत्रिकेवर तोच नंबर, पुढे 'पी. पी.' लिहून. आपण त्यांच्याकडे जाऊन कुठेही फोन लावू शकायचो, मुंबईला लावा, सुरतला लावा, काही अडचण नाही. पण बाहेरून फोन आला की तो त्यांच्याकडे वाजायचा, आणि त्यांनी कोणाला तरी हाक मारायला पाठवलं तरच आपल्याला कळायचं. कंपनीने आता आपल्याला तसंच पी. पी. वर ठेवलंय, फक्त हाक मारायला माणूस ठेवलेला नाही. बाहेर जायला रस्ता मोकळा, बाहेरून कोणी आलं तर दारातूनच परत.

आणि हे काही कंपनी मुद्दाम करते असंही नाही. ते जुने आयपी पत्ते ३२ बिटचे. सत्तरच्या दशकात इंटरनेट घडवणाऱ्या विंट सर्फ आणि मंडळींनी हा आकडा धरला तेव्हा तो सगळा प्रयोगच होता, ३२ बिट म्हणजे साधारण ४२९ कोटी पत्ते, प्रयोगाला पुष्कळ झाले. प्रयोग काही थांबला नाही, वाढतच गेला. आज एकेका घरात चार मोबाइल, टीव्ही, कॅमेरा, आणि आमच्या समोरच्यांकडे तर एसीसुद्धा वायफायवर आहे. २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, कोठार रिकामं. २०१२ मध्ये मग १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक पट्टा खास या पी. पी. कारभारासाठी बाजूला काढला. माझा १००.८१ त्यातलाच. म्हणजे एक खरा पत्ता, त्याचे पासष्ट हजार आणि काही पोर्ट, म्हणजे दारं, आणि ते शंभर गिऱ्हाइकांत थोडे थोडे वाटून दिलेले. त्या वाटणीत माझ्या वाट्याला काय आलं ते कंपनीलाच माहीत, आणि ते दर थोड्या वेळाने बदलतं.

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सात पिढ्यापाईन आठेच शेतस आपन. आते आपला घरना पत्ता बदलना का?" मी म्हटलं, नाही बदलला आबा, इंटरनेटवर आपल्याला तो मुळात दिलेलाच नाही. त्यांना हे पटलं नाही. सातबारा आहे, घरपट्टी भरतो, मतदार यादीत नाव आहे, आणि पत्ता नाही म्हणजे काय.

मग कस्टमर केअर. आधी मराठीसाठी अमुक दाबा, मग हिंदीतून मॅडम. मी म्हटलं मला स्टॅटिक आयपी पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "सर, आपका इंटरनेट एक जगह रुक गया है क्या?" मी म्हटलं नाही, इंटरनेट पळतंय, मला पत्ता एका जागी थांबवून पाहिजे. त्यांनी मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. त्याने आयपी बदलला, म्हणजे मला जे पाहिजे होतं त्याच्या बरोबर उलट झालं. मॅडमनी तक्रार नोंदवून घेतली, आणि मी जेवायला बसतो न बसतो तोच मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण करण्यात आलं आहे. कोणाचं समाधान झालं ते लिहिलेलं नव्हतं.

परत तक्रार केली तर त्यांनी घरी पोऱ्या पाठवला. पोऱ्या चांगला होता, बिचारा भर एप्रिलमध्ये दुपारी दीडला गाडीवर आला, तोंडाला रुमाल, बाहेर पंचेचाळीस डिग्री. आल्या आल्या म्हणाला डबा बघावा लागेल. डबा गच्चीवर. आणि गच्चीवर बायकोचे बिबडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बिबडे म्हणजे आमच्या खान्देशातला ज्वारीचा पापड, पण त्याला नुसता पापड म्हणणाऱ्याशी आमच्या घरात कोणी बोलत नाही. ज्वारी दिवसचे दिवस भिजवायची, दळायची, लसूण मिरची तीळ घालून मोठ्या पातेल्यात पहाटे उठून शिजवायची, मग गल्लीतल्या बाया जमून ओल्या कापडावर एकेक थापणार, ताटाएवढा. गच्चीवर खाटांवर, जुन्या साड्यांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावरसुद्धा बिबडे. डब्यापर्यंत जायला रस्ताच नाही. पोऱ्याने बूट काढले आणि दुसऱ्या क्षणी परत घातले, कारण गच्ची तव्यासारखी तापलेली. बायको जिन्यात उभी राहून त्याला दिशा सांगतेय, "डावा पाय खाटेच्या पलीकडे टाका दादा, तो नाही, तो ओला आहे, भिंतीला धरून चला." तो कठड्याला धरून एका पायावर डब्याजवळ पोचला, डब्याला हात लावला, चटका बसला, हात झटकला, आणि म्हणाला, "सिग्नल फुल्ल आहे साहेब."

मी जिन्यातूनच ओरडलो, सिग्नलची तक्रारच नाहीये, स्टॅटिक आयपी पाहिजे. तो तिथूनच ओरडला, "ते आमच्याकडे नसतं साहेब, आम्ही फक्त डबा हलवतो."

खाली आल्यावर ताक घेता घेता त्याने खरं सांगितलं, की या होम प्लॅनवर स्टॅटिक मिळत नाही, बिझनेस प्लॅन घ्या. जाताना बायकोने त्याला दोन वाळलेले बिबडे कागदात बांधून दिले. कंपनीकडून एवढ्या सगळ्या प्रकरणात एकच माणूस माझ्याशी खरं बोलला, तेवढा हक्क होता त्याचा.

बिझनेस प्लॅनसाठी जळगावच्या माणसाचा नंबर मिळाला. तो फोनवर इतका गोड की मला वाटलं आता झालंच. त्याला पॅन पाहिजे, आधार पाहिजे, धंद्याचा पुरावा, लेटरहेडवर अर्ज आणि खाली शिक्का. माझ्याकडे लेटरहेड कधी नव्हतं, मी छापून घेतलं. शिक्काही करून घेतला, गोल, निळ्या शाईचा, आणि पोरांनी पहिल्याच दिवशी तो आबांच्या धोतरावर मारला. पत्ता मिळवायला पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिलही जोडलं. सगळं पाठवलं. मग फिझिबिलिटी नावाचा प्रकार झाला, म्हणजे ते नकाशावर बघतात की तुमच्याकडे सर्व्हिस देता येते का. त्याचा फोन आला. "सर, स्टॅटिक आयपी आम्ही फायबरवर देतो. तुमच्या गावात फायबर नाहीये."

मी म्हटलं, फायबर नाहीये म्हणूनच तर वायरलेस घेतलंय.

"हो ना सर," तो म्हणाला, आणि त्यात इतकी सहानुभूती होती की मला त्याला रागावताच येईना.

शालक म्हणाला, मग आयपीव्ही६ बघू. ते बघितलं आणि मी खरंच थक्क झालो. नवीन पद्धतीत एका घराला जो पट्टा मिळतो त्यात पत्ते किती, तर अख्ख्या जुन्या इंटरनेटचे ४२९ कोटी गुणिले परत ४२९ कोटी. एकट्या आमच्या घराला! आमच्या प्रत्येक बिबड्याला, त्यातल्या प्रत्येक तिळाला एकेक देऊनही संपणार नाहीत. पण राउटर बंद-चालू झाला की तो पट्टाही बदलतो, बाहेरून येणारं कंपनी तिथेही अडवते, आणि शेठच्या दुकानातल्या नेटवर आयपीव्ही६ आलेलंच नाही. गडगंज श्रीमंती आणि खिशात सुटे नाहीत.

शेवटी मार्ग निघाला तो परत पी. पी. चाच. मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, महिन्याचे काही शे रुपये, त्याला स्वतःचा पक्का पत्ता. तो पत्ताही आता कोणी फुकट देत नाही, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या अ‍ॅमेझॉननेसुद्धा २०२४ च्या फेब्रुवारीपासून असल्या एकेका पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावलाय, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास, नुसता पत्ता. घरच्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन टाकलं. आता आमचा कॉम्प्युटर स्वतःच बाहेर जाऊन मुंबईच्या सर्व्हरचा हात धरून बसतो, सोडतच नाही, आणि मी चोपड्याहून मुंबईला हाक मारली की तो सर्व्हर त्याच हाताने ती घरात पोचवतो. बाहेर जाणारा रस्ता कंपनीने मोकळा ठेवलाय ना, मग त्याच रस्त्याने परत यायचं. चोपडा ते आमचं गाव व्हाया मुंबई, पण टॅली उघडते. शालकाने बजावलं की विंडोजचा रिमोटवाला ३३८९ पोर्ट उघडा इंटरनेटवर सोडू नका, चोर रात्रंदिवस तेच दार वाजवत फिरतात, म्हणून तो फक्त वायरगार्डच्या आतूनच.

ज्या दिवशी शेठच्या दुकानात माझ्या घरची टॅली उघडली त्या दिवशी शेठने सगळ्यांना पेढे नाही तरी चहा पाजला. जिनिंगवालाही बघायला आला. आणि मग शेठच्या लक्षात आलं की हे त्यांच्या मोबाइलवरही होऊ शकतं. पोराला सांगून मोबाइलवर टाकूनही घेतलं. आता त्यांना रात्री झोप येत नसली की ते माझ्या कॉम्प्युटरवर उधारी वाचतात.

परवा रात्री साडेअकराला फोन. "अरे हिशोब उघडत नाहीये."

मी म्हटलं, "शेठ, गावात लाइट गेलीय."

"पण आता आयपी पक्का झाला ना? मग लाइट का जाते?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. सकाळी इन्व्हर्टरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, साहेब किती पंखे, किती ट्यूबलाइट, टीव्ही धरायचा का. मी म्हटलं पंखा एकही नको, ट्यूब नको, टीव्ही नको, फक्त कॉम्प्युटर, राउटर आणि गच्चीवरचा डबा रात्रभर चालला पाहिजे. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मे महिना आहे साहेब. वहिनींना विचारून परत फोन करा."