ग्रीसची अस्सल साधनं जळून गेलेली नाहीत

‘प्राचीन ग्रीसचं एकही अस्सल साधन उरलेलं नाही. सगळं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात जळालं, आज आहे ते हजार-पंधराशे वर्षांनंतर ख्रिस्ती मठांत रचलेलं. आणि परदेशी ग्रंथालयाशिवाय तेही वाचायला मिळत नाही.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझी भाची इतिहासात एम.ए. करते. हे वाचून ती अथेन्सवरचा प्रबंधाचा विषयच बदलायला निघाली, तेव्हा मला राहवेना.

आधी मठांचं. ग्रंथ नंतरच्या नकलांतून आले, हे खरं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीज, त्याच्या ग्रंथाची सर्वांत जुनी संपूर्ण हस्तलिखितं दहाव्या शतकाच्या आसपासची आहेत. पण नक्कल करणं म्हणजे रचणं नव्हे. ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज संशोधकांना 1896 पासून इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यांत पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडत गेले. त्यांत थ्युसिडिडीजही आहे, मठांतल्या प्रतींहून कित्येक शतकं जुना, आणि पाठभेद वगळता मजकूर तोच.

शिवाय साधनं म्हणजे फक्त ग्रंथ, हे कोणी ठरवलं? अथेन्समध्ये पुढारी डोईजड झाला की नागरिक खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरून हद्दपारीचं मत देत. थेमिस्टोक्लीज या अथेन्सच्या बड्या पुढाऱ्याला असंच घालवलं, असं थ्युसिडिडीज सांगतो. 1937 साली अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत असे सुमारे 190 तुकडे निघाले. जवळजवळ सगळ्यांवर थेमिस्टोक्लीजचं नाव, आणि हस्ताक्षरं अवघ्या 14 जणांची! विरोधकांनी मतं आधीच कोरून वाटण्यासाठी तयार ठेवली होती, असा अर्थ अभ्यासक लावतात. थ्युसिडिडीज याबद्दल अवाक्षर काढत नाही. हे खापरांनीच सांगितलं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली ही खापरं, त्यांना कुठल्याही मठाचा हात लागलेला नाही.

अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय एका रात्रीत संपलं नाही, आणि ग्रंथांच्या प्रती इतर शहरांतही होत्या. नुकसान अफाट झालं, एवढं मात्र कबूल करावं लागतं: अथेन्सचा नाटककार सोफोक्लीज याच्या शंभरावर नाटकांपैकी पूर्ण अशी सातच उरली.

परदेशी ग्रंथालयाचा मुद्दा तर साफ खोटा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचं प्राचीन ग्रंथांचं ‘पर्सियस’ आणि अथेन्सच्या शिलालेखांचं ‘अ‍ॅटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’ ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत, इंग्रजी भाषांतरांसह. शोधताना पृष्ठक्रमांकाच्या मागे लागू नये. थ्युसिडिडीज 1.135 म्हणजे पहिलं पुस्तक, 135वं प्रकरण, आवृत्ती कुठलीही असो. थेमिस्टोक्लीजच्या हद्दपारीचा उल्लेख तिथेच आहे.