वीस बाय तीसच्या प्लॉटवर हे जमतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

म्हातारपणी चाकाच्या खुर्चीवरूनही वावरता येईल असं घर बांधा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, लातुरात वीस बाय तीसच्या प्लॉटवर स्लॅब पडेपर्यंत माणूस कर्जात बुडतो, त्याला रॅम्प आणि रुंद दारं सांगणं हे मोठ्या शहरातलं खूळ आहे. शिवाय म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यायला आपल्या घरात पोरं असतातच.

रॅम्पला जागा पुरत नाही, हे खरं आहे. उतार एकास बारा धरायचा असतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आपण जोतं दीड-दोन फूट उचलतो. म्हणजे नुसत्या दीड फुटाला अठरा फूट रॅम्प लागतो आणि तेवढी जागा दारासमोर निघत नाही. म्हणून तो आजच बांधा असं मी म्हणत नाही. बाजूच्या बोळात साडेतीन-चार फुटांची पट्टी मोकळी राहू द्या, तिथं हौद किंवा जिना काढू नका, एवढंच. पुढं लागला तर करता येईल.

पण न्हाणीचं तसं नाही. ती एकदा चुकली की फरशी, पाइप, भिंत सगळं फोडावं लागतं. आपल्याकडे मिस्त्री न विचारता न्हाणीला अडीच फुटी चौकट लावतो. चौकटीची जाडी वजा केली की वाट उरते पंचवीस इंचांच्या आसपास, आणि साधी चाकाची खुर्चीच जवळपास तेवढी रुंद असते. हात घासत, सालपटं काढत माणूस आत जातो, नाहीतर जातच नाही. तीन फुटी चौकटीला जादा किती लागतं, ते तुमच्याच मिस्त्रीला विचारा. दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कुणी पडलं आणि दाराला अंग टेकलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. पुढं धरायला दांडा बसवता यावा म्हणून संडासाजवळच्या भिंतीत अडीच-तीन फुटांवर काँक्रीटचा पट्टा टाकून ठेवा. चार इंची विटेच्या भिंतीत नुसते स्क्रू मारून बसवलेला दांडा माणसाच्या वजनाने उपटून येतो.

आणि एक आपल्याकडचीच गोष्ट. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्ही विसरला नसाल. नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नाही, म्हणून न्हाणीत ड्रम असतोच. नकाशात पाच बाय सहाची दिसणारी न्हाणी ड्रम ठेवला की खुर्ची वळवायला पुरत नाही. ड्रमची जागा आखणीतच धरा, किंवा तो बाहेर ठेवून पाइप आत घ्या.

आता पोरं उचलून नेतात याबद्दल. नेतात, आणि मनापासून नेतात. पण ज्याला उचलून न्यावं लागतं तो सकाळपासून पाणी कमी पितो. रात्री हाक मारायला नको म्हणून संध्याकाळी जेवण टाळतो. सुनेला सांगायची लाज वाटते, म्हणून मुलगा कामावरून येईपर्यंत कळ काढतो. घरात माया कमी आहे म्हणून हे होत नाही, दार अरुंद आहे म्हणून होतं. आणि दुपारी तो मुलगा तर कामावरच असतो.

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, आपल्या भागात नव्या घरांच्या भिंतींत लिंटेलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला आरसीसीचा पट्टा येऊ लागला. उद्या भूकंप येणारच असं म्हणून तो कुणी घालत नाही. गुडघे मात्र प्रत्येकाचे थकणार आहेत. बाळंतीण, पाय प्लास्टरमध्ये असलेला पोरगा, पोतं घेऊन आत येणारा माणूस, सगळ्यांना हेच दार लागतं.

सरकारी योजनेतल्या घरकुलाचं म्हणाल, तर तिथं उलट सोपं आहे: २५ चौरस मीटर, एकाच पातळीवर. अडचण असते ती अंगणापलीकडच्या संडासाची. त्याची पायरी उंच, दार अरुंद, धरायला काहीच नाही. तेवढं तरी बदला.

वर मजला चढवणार असाल तर खाली एक खोली आणि संडास ठेवा, सगळं पार्किंगला देऊ नका. जोतं भरायच्या आधी नकाशा इथंच टाका. जिना आणि न्हाणी कुठं घ्यायची ते मी त्यावर खूण करून देतो.