प्रतिकारशक्ती 'वाढवायची' का नसते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. तुमचे मुद्दे पुष्कळांच्या मनात असतात, म्हणून दोन ओळींत न उरकता ऐसपैस लिहिते.

'प्रतिकारशक्ती वाढवायची नसते' हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं, की जन्मजात प्रतिकारशक्ती आंधळी असते, समोर दिसेल त्यावर तुटून पडते. खरं काम अँटिबॉडी करतात. मग ही पहिली फळी काढ्याने नाहीतर गोळ्यांनी भक्कम केली तर बिघडलं कुठे? शिवाय 'ताप हा शरीराचाच उपाय आहे' असं लिहून मी लोकांना दुखणं अंगावर काढायला शिकवते आहे, हा तुमचा दुसरा आक्षेप.

आधी 'आंधळी' या शब्दाबद्दल. समजा, सिंहगड चढताना पायात बाभळीचा काटा मोडला. त्याच्याबरोबर जिवाणू आत गेले. तिथे पहाऱ्यावर असलेल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशींना त्यांचा सुगावा काही मिनिटांत लागतो आणि त्या रासायनिक संदेश सोडतात. आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. त्यांतून द्रव पाझरतो, म्हणून सूज. रक्तातून वेगाने वाहत जाणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच ठिकाणी वाहिनीच्या आतल्या भिंतीला धरून घरंगळू लागतात, चिकटतात आणि भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. जिवाणू गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. रात्री पाय ठणकतो तो या सगळ्यामुळे. आणि दोन दिवसांनी येणारा पू म्हणजे बहुतांशी याच मेलेल्या पेशी. त्यांच्यातलं जिवाणू मारायला लागणारं एक एन्झाइमच हिरवट रंगाचं असतं. कफ हिरवा दिसला की मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: तो रंग आपल्याच पेशींचा आहे, नुसत्या रंगावरून औषध ठरत नाही.

आता या पेशींना परका कळतो कसा? साल्मोनेला, ई. कोलाय अशा जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. आपलं शरीर तो कधीच बनवत नाही, आणि त्या जिवाणूंना तो सहजासहजी टाकूनही देता येत नाही. जन्मजात यंत्रणा अशाच खुणा हेरते. १९९६ साली ज्यूल हॉफमन यांच्या गटाने दाखवलं, की 'टोल' हे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरांत त्याच घराण्यातला ग्राही, म्हणजे अशी खूण ओळखणारं पेशीवरचं प्रथिन, सापडला: टीएलआर ४ (टोल-लाइक रिसेप्टर ४). लायपोपॉलिसॅकराइड ओळखण्यासाठी लागतो तो हाच. दोघांनाही २०११ चं नोबेल मिळालं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या उंदरांपाशी आहे. ज्यांच्यात टीएलआर ४ बिघडलेला होता, ते लायपोपॉलिसॅकराइडचा इतरांना मारून टाकणारा डोस सहज पचवत. पण साल्मोनेलाचा साधा संसर्ग झाला, की तेच उंदीर दगावत. एकच ग्राही! तो नसेल तर जंतू मारतात. आणि त्याच्यामागून सुरू होणारी प्रतिक्रिया अंगभर भडकली तर ती मारते. रक्तवाहिन्या रुंदावणं पायापुरतं असतं तेव्हा उपकारक. सर्वांगात झालं की रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडू लागतात. सेप्सिसमध्ये हेच घडतं. कोविडच्या काळात अत्यवस्थ रुग्णांना स्टेरॉइड देत होते, ते ही भडकलेली प्रतिक्रिया आवरायलाच. म्हणून मी विचारते, की हे 'इम्युनिटी बूस्टर' काढे-गोळ्या नक्की काय वाढवणार? योग्य जागी, वेळेवर सुरू होणं आणि काम झालं की थांबणं, हे कुठल्याही गोळीच्या वेष्टनावर लिहून येत नाही.

अँटिबॉडींचं महत्त्व मी नाकारत नाही. पण नव्या जंतूविरुद्ध त्या पुरेशा तयार व्हायला आठवडाभर किंवा अधिक लागतो, आणि त्यांना कामाला लावतं कोण? कोव्हॅक्सिन या कोविडवरच्या लशीचं उदाहरण पाहा. तिच्यासाठीचा विषाणू आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केला गेला. पण लशीत निष्क्रिय विषाणू एकटा नसतो. टीएलआर ४ च्याच घराण्यातल्या टीएलआर ७ आणि ८ यांना जागं करणारा एक पदार्थही घातलेला असतो. जन्मजात यंत्रणेला धोक्याची खूण पटली, तरच अँटिबॉडी बनवणाऱ्या पुढच्या पेशी जोमाने तयार होतात. दोन्ही यंत्रणांत थोरली-धाकटी लावण्यात अर्थ नाही.

काढ्याबद्दल थोडक्यात: आलं-तुळशीचा गरम काढा घशाला बरा वाटतो, खुशाल घ्या. माझं भांडण 'इम्युनिटी' या नावाखाली महागड्या बाटल्या विकणाऱ्यांशी आहे, तुमच्या आजीशी नाही. पुरेशी झोप, वेळच्या वेळी लशी, आणि सिगारेट सोडणं (तिच्या धुरामुळे श्वासनलिकेतले कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस लुळे पडतात) यांचा उपयोग कितीतरी अधिक.

राहिला ताप. मेंदूतला हायपोथॅलॅमस प्रोस्टाग्लँडिन या रसायनाच्या इशाऱ्यावर शरीराचं तापमान मुद्दाम वर नेतो, पॅरासिटामॉल तो इशारा कमी करतं. अंग फार दुखत असेल तर ती गोळी जरूर घ्या. ताप हा उपाय आहे याचा अर्थ डॉक्टरांकडे जाऊ नका असा मी कुठेही लावलेला नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबूच नका. आणि पुण्यात पावसाळ्यात डेंगी असतोच, तेव्हा तापात मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंगीत धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरतानाच सुरू होतात. अशा वेळी पोटात जोराचं दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस मलूल पडला, तर 'ताप तर गेला' म्हणून थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.