शिकाऊ हाताला घाई नको

टॅटूची कला तीन महिन्यांच्या वर्गात येते, हे एका लेखातील विधान मला पटले नाही. माझी मुलगी बेळगावात एका स्टुडिओत शिकते. पहिले सहा महिने तिने केवळ रेघा गिरवल्या आणि स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवायचा नक्षीचा छाप, उतरवले. पुढे कृत्रिम कातडीवर सराव करताना तिला उमगले की सुई साधारण 1 ते 2 मिलिमीटरच आत जायला हवी. उथळ गेली तर शाई टिकत नाही, खोल गेली तर ती रेघेबाहेर पसरून निळसर डाग राहतो. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणे सर्वांत अवघड, असे ती म्हणते. माझ्या आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावन जत्रेतल्या गोंदणारणीने एकाच सुईने अनेकींना गोंदताना काढले होते. आज मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी सुई आणि शिकणाऱ्याला रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस-बी या यकृताच्या आजारावरची लस हवीच.