भविष्यवाण्या मागाहून घुसडल्या हे पटत नाही
एका लेखात म्हटलंय की मसीहाबद्दलच्या, म्हणजे देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्याबद्दलच्या, भविष्यवाण्या येशूच्या नंतर कोणीतरी बायबलच्या जुन्या करारात (येशूच्या आधीच्या ग्रंथांत) घातल्या, पण हे साफ चुकीचं आहे हो. 1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची अख्खी गुंडाळी सापडली, सात मीटरपेक्षा लांब, सगळे 66 अध्याय, आणि ती येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीची आहे. त्यात 53 वा अध्याय आहे, आपल्या अपराधांसाठी घायाळ झालेला तो सेवक, कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प. आपण ख्रिस्ती तो सेवक म्हणजे येशू मानतो, आता ज्यू लोक तो सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र असं मानतात, तो अर्थाचा मतभेद आहे आणि त्यांचा मान ठेवूनच बोलायला हवं, पण मजकूर आधीचा आहे यात वाद नाही.

मला स्वतःला सगळ्यात भिडतो तो लूकच्या शुभवर्तमानातल्या 4 थ्या अध्यायातला प्रसंग. नासरेथच्या सभास्थानात (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) येशूच्या हातात यशयाची गुंडाळी देतात, तो 61 वा अध्याय काढतो, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, प्रभूच्या कृपेचं वर्ष, आणि तिथेच वाक्य अर्धवट सोडून गुंडाळी मिटतो, तिथल्या सेवकाकडे देतो, खाली बसतो. पुढचे शब्द देवाच्या सूडाच्या दिवसाचे आहेत, ते वाचतच नाही! सगळे टक लावून बघतायत आणि तो म्हणतो हे आज तुमच्यासमोर पूर्ण झालं. उरलेलं येशूच्या दुसऱ्या येण्याच्या वेळी, असं बरेच ख्रिस्ती मानतात, मीही मानतो.